धावणारं मशीन

अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांसाठी मी मशीनची माहितीपुस्तकं मराठीत आणतो. पुस्तक जर्मन मशीनचं असो की तैवानच्या, माझ्यापर्यंत येतं इंग्रजीतून, आणि त्यात ‘रन’ हे क्रियापद पानोपानी असतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ नोंदले आहेत. आधी ‘सेट’ची नोंद सर्वांत लांब होती, यंत्रांच्या जगानं ‘रन’ला पुढे काढलं असावं, असा माझा आपला तर्क.

शाळेत शिकलो होतो, रन म्हणजे धावणे. पोटासाठी भाषांतर करू लागल्यावर ते धावणं कामाला येईना. मशीन चालतं, स्पिंडल फिरतो, पाणी वाहतं, नव्या साडीचा रंग जातो, भिंतीवरचा ओला रंग ओघळतो. नाक गळतं. रस्ता गोदाकाठानं जातो, सिन्नरची बस दर अर्ध्या तासाला सुटते, आणि मधुमेह घराण्यातच असतो. निवडणुकीची तर गंमतच: अमेरिकेतला उमेदवार धावतो, आपला उभा राहतो. (इंग्लंडातलाही उभाच राहतो.)

माझी फजिती झाली ती सुरुवातीच्या एका कामात. लेथचं पुस्तक होतं आणि त्यात स्पिंडलचा ‘रनआउट’ तपासायला सांगितलं होतं. तो क्रिकेटमधला धावचीत नव्हे, एवढं कळलं. मग दुसरा अर्थ घेतला, संपणे, आणि लिहिलं, ‘स्पिंडल संपला आहे का ते पाहा.’ ते पान हातात घेऊन एक ऑपरेटर म्हणाला, “साहेब, स्पिंडल काय साबण आहे का?” मग त्यानंच मला मशीनजवळ नेलं. चुंबकाचा स्टँड चिकटवला, डायलचं टोक स्पिंडलला टेकवलं, काटा शून्यावर आणला आणि स्पिंडल हातानं हळूहळू फिरवला. काटा दोन घरं पुढे गेला, परत आला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. “हे बघा, दोन घरं आऊट फिरतोय.” डोळ्यांना तो स्पिंडल अगदी सरळ फिरताना दिसत होता. तेव्हापासून मी लिहितो, ‘डायल लावून स्पिंडलचा रनआउट पाहा.’ शुद्ध मराठीचा आग्रह धरणारे नाक मुरडतील, पण त्या मशीनवर उभा राहणारा माणूस हाच शब्द बोलतो. त्याच्या तोंडचा शब्द काढून तिथे माझा घडवलेला शब्द बसवण्यात मला भाषेची सेवा दिसत नाही.

उलट, काही ठिकाणी शब्द मराठी असूनही फसतो. कूलंटचा पंप ‘ड्राय’ रन करू नका, अशी सूचना होती. मी ‘पंप कोरडा चालवू नका’ असं लिहिलं आणि स्वतःवर खूष झालो. शिफ्टवरच्या पोरानं विचारलं, “म्हणजे वरून ओला करायचा का?” आता तिथे लिहिलेलं आहे, ‘टाकीत कूलंट नसताना पंप चालू करू नका.’ वाक्य लांबलं, पण पंपाचं सील वाचलं.

मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847चा. तो मी अजून चाळतो, मन रमतं. पण त्या काळी अंबडला लेथ नव्हता.

आणि आपलं ‘चालणं’ तरी कुठे कमी आहे? घड्याळ चालतं, नाटक चालतं, कोर्टात खटला चालतो, आणि अर्धा कप चहाही चालतो. मशीन कसं आहे असं विचारलं, तर ऑपरेटर म्हणतो, “चालतंय.” ते उत्तम आहे की कसंबसं ढकललं जातंय, हे त्याच्या सुरावरून ओळखायचं. हे कुणी मला इंग्रजीत करायला सांगितलं, तर मी ते काम घेणार नाही.

सध्या टेबलावर ग्राइंडिंग मशीनचं पुस्तक आहे. पहिल्याच पानावर सात ‘रन’ आहेत. पाच सुटले, दोन अडलेत. सकाळची शिफ्ट सातला लागते. उद्या तिथेच जाऊन विचारणार आहे.