ठोकळा

आमच्याकडे बंडीची चाके एवढी मोठी का असतात, हे लहानपणी कुणी समजावून सांगितले नाही. सांगण्याची गरजच नव्हती. अल्लीपूरची जमीन काळी आणि भारी. मृगाचे दोन पाऊस झाले की पांदणीत टाकलेला पाय तेवढा वर येतो, वहाण गाऱ्यातच राहते. अशा वाटेने जायचे तर बंडीची आस चिखलाच्या वर हवी, आणि आस वर हवी तर चाक मोठे हवे. सुताराचे सारे शास्त्र या एका वाक्यात मावत असे.

जीप ही मात्र परदेशची पाहुणी. दुसऱ्या महायुद्धासाठी ती अमेरिकेत जन्मली, १९४७ पासून मुंबईत महिंद्रांकडे जोडली जाऊ लागली, आणि पुढे कास्तकाराच्या दारी बंडीशेजारी येऊन उभी राहिली. आमच्या दादांची जीप त्याच जुन्या धाटणीची. तिला पुढेमागे लोखंडी पाट्यांच्या कमानी, आणि त्या मुळात आसेच्या खालून बांधलेल्या. माझ्या पुतण्याने त्या सोडवून आसेच्या वर बसवल्या. आसेच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या जुडग्याची जाडी एवढ्या हिशेबाने जीप चार-पाच इंच उंच झाली. पोरगा खूष. गावातली पोट्टी तिच्याभोवती फेर धरू लागली.

पण मागच्या कमानी कापसाची ओझी वाहून वाहून थकलेल्या. त्यामुळे कुत्रे मागच्या पायांवर बसावे तशी जीप दिसू लागली. तोंड आभाळाकडे, शेपूट जमिनीकडे. यावर उपाय म्हणून मागच्या आसेवर दीड इंचाचे ठोकळे घालायचे, असे पुतण्याने ठरवले.

या उंचीपायी घरातले एक माणूस शेताला पारखे झाले होते. बाबा आता ऐंशीचे, गुडघे धरलेले. जीप उंच झाल्यापासून त्यांना तिच्यात चढता येईना, आणि पांदणीतून चालत जाणे तर वैद्यानेच वर्ज्य केलेले. सारा पावसाळा त्यांनी आपली पऱ्हाटी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली. सीतादही चार दिवसांवर आलेली. पहिल्या वेचणीच्या दिवशी पऱ्हाटीच्या पायाशी दहीभात वाहायला बाबा नाहीत, असे आमच्या घरी कधी घडले नव्हते. आणि त्यात हा दीड इंच! पुढच्या दोन बैठकी मागच्या चाकांकडे सरकलेल्या असल्याने बाबांच्या पायाखाली त्यातला इंचभर तरी वाढणारच. दादा आणि पुतण्या यांच्यात त्या दिवशी जे बोलणे झाले ते सणासुदीच्या अंकात छापण्याजोगे नाही.

मिस्त्रीच्या दारात बाबाही खाटेवर येऊन बसले होते. पुतण्या ऐटीत म्हणाला, आता गाडी कुठेच फसणार नाही. बाबांनी चाकाकडे काठी दाखवली.

“चाक तेवढंच हाय, तं आस वर कशी येईन?”

मिस्त्री हसू लागला. “बाबाजीचं बरोबर हाय.” खरेच आहे ते. कमानी उचला की ठोकळे घाला, वर जाते ते धूड. आसेला जो दातेरी चाकांचा गोळा लोंबतो तो होता तिथेच राहतो, आणि चिखलात आधी टेकतो तो गोळाच. ठोकळ्याने जीप समतल होते, एवढाच त्याचा गुण. खरे औषध म्हणजे पाटे भट्टीत तापवून त्यांना पुन्हा कमान देणे; पण त्याला दिवस लागतात, आणि ठोकळा अर्ध्या दिवसात बसतो.

तरी त्या अर्ध्या दिवसात मिस्त्रीने जे पाहिले ते मला फार आवडले. कुणीतरी बाभळीचे ठोकळे सुचवले, तर त्याने कानही दिला नाही. लेथवर कातलेले पोलादी ठोकळे आणले. खाली खुंटी, वर भोक, म्हणजे पाट्यांच्या मधल्या बोल्टात तो अडकून बसावा, निसटू नये. एकावर एक दोन ठोकळे कधी नाहीत, आणि पुढच्या आसेवर तर एकही नाही. ब्रेक लावला की सारा भार पुढे येतो आणि ठोकळा तरफेसारखी आस पिळतो. यू बोल्ट नवे, लांब. ते एका बाजूने न आवळता तिरप्या जोडीने आवळले. मग ब्रेकची रबरी नळी ताणत नाही ना, शॉकअप पुरतो ना, इंजिनाची ताकद मागे नेणारा दांडा आपल्या म्यानातून फार बाहेर येत नाही ना, हे चाके अधांतरी सोडून तपासले. “शंभर किलोमीटर चालली का पुन्हा आवळाले आणजो,” त्याने पुतण्याला बजावले.

दादा गप्पच होते. मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिले, मग बाबांच्या गुडघ्यांकडे. जुन्या टायरचे दोन पट्टे कापले, त्यांना लोखंडी पायरी अडकवली आणि ती दाराखाली लोंबती सोडली. लोखंडी दांड्यांवर बसवली असती तर पांदणीतल्या पहिल्याच दगडाला वाकली असती. रबर मागे सरते आणि पुन्हा जागेवर येते.

सीतादहीच्या सकाळी बाबांनी एक हात दादांच्या खांद्यावर ठेवला, पाय त्या झुलत्या पायरीवर टाकला आणि दोन दमांत ते वर गेले. शेतात मात्र उतरले नाहीत. वहिनींनी दहीभात वाहिला, त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले. मग एक बोंड मागवले, कापूस ओढून पाहिला, सरकी दाताखाली दाबली.

“ओल हाय अजून,” ते दादांना म्हणाले. “आजचा कापूस अंगणात पसरवजो. बाजारात नेऊ नोको.”