फणसाच्या फळीवर फणस

आज तंजावरात कापा फणस चिरला. गरे खाल्ले, आठळ्या धुऊन वाळत घातल्या. मी फणसाचं चित्र करतोय, त्यात त्या बसवायच्या आहेत. इथली जुनी चित्रं फणसाच्याच फळीवर होत. फळीवर कापड, त्यावर खडूची भुकटी आणि डिंकाचा लेप, मग उठाव, काचेचे खडे, सोन्याचा वर्ख. इथल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) या कलेला मोठा आश्रय दिला. हल्ली बरेचजण प्लायवूड वापरतात. मी मात्र फणसाची फळीच आणली, गऱ्यासारखी पिवळसर. सालीचा एकेक काटा लेपाने उभा करताना हात भरून येतो, तरी सोडवत नाही. तंजावरची वीणाही याच लाकडाची. देवादिकांइतकाच फणसालाही सोन्याचा वर्ख शोभतो, हे माझं ठाम मत.