उंदराला पाळी येत नाही

औषधाच्या बाटलीवरच्या मजकुराला कोणी वाङ्मय म्हणत नाही, तरी तो वाचण्याची आम्हांला जुनी खोड आहे. स्त्रियांच्या विकारांवरील वनस्पतिजन्य औषधांच्या वेष्टनांवर आणि जाहिरातींत ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असे शब्द वारंवार आढळतात. व्याकरणाच्या तासाला आपण विद्यार्थ्यांना सांगतो की कर्मणी रचनेत कर्ता गाळला तरी वाक्य उभे राहते. येथे कर्ता तर गाळलेला आहेच. पण कोणावर सिद्ध झाले, काय सिद्ध झाले, हेही गाळलेले आहे. इतकी गाळणी होऊनही हे दोन शब्द खर्ड्यासारख्या गावातील दुकानाच्या फळीवर निर्धास्त उभे राहतात आणि खपतात. कवितेत असे कोणी केले असते तर आपण दुर्बोधतेवर दोन परिसंवाद घेतले असते.

गाळलेली पहिली जागा भरणे सोपे आहे. ती पांढऱ्या, तांबड्या डोळ्यांच्या, दोनेकशे ग्रॅम वजनाच्या उंदराच्या मादीची जागा आहे. तिचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे असते. रोज सकाळी तिच्या योनिमार्गातील स्रावाचा एक थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की पेशींच्या आकारावरून चक्राची अवस्था कळते. औषध देऊन ते चक्र लांबते की आखूड होते, गर्भाशयाचे वजन वाढते की घटते, पिले किती होतात, हे मोजायचे. बीजकोशांत गाठी होण्याचा विकार हवा असेल तर लेट्रोझोल नावाचे औषध एकवीस दिवस पाजून तो आधी निर्माण करायचा, मग त्यावर काढा द्यायचा. शेवटी प्राणी मारून अवयव तपासायचे. हे सारे मनमानीने होत नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली १९९८ साली झालेल्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत नीतिसमिती असावी लागते आणि इतकेच प्राणी का हवेत, याचे लेखी समर्थन द्यावे लागते.

शतावरीचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. बाळंतिणीला दूध यावे म्हणून शतावरी देण्याची रीत जुनी. १९६८ साली सबनीस, गायतोंडे आणि जेठमलानी यांनी शतावरीच्या मद्यार्काचा उंदरांच्या स्तनग्रंथींवर काय परिणाम होतो ते तपासले. ग्रंथींचे वजन आणि दूध दोन्ही वाढल्याचे त्यांना दिसले. पुढच्याच वर्षी पटेल आणि कानिटकर यांनी बोर्डीच्या शतावरीचा प्रयोग म्हशींवर करून पाहिला. तेथेही दूध वाढले. म्हैस ही निवड आम्हांला मनापासून आवडली. तिच्या दुधाचा हिशेब रोज मापाने होतो आणि तो खोटा पाडणे अवघड असते. पण १९९६ साली, दूध कमी येते अशी तक्रार असलेल्या मातांवर शतावरीयुक्त औषधाची तुलनात्मक चाचणी झाली, तेव्हा औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांत फरक आढळला नाही. २०११ साली दुसऱ्या एका चाचणीने पुन्हा शतावरीच्या बाजूने कौल दिला. उंदीर आणि म्हैस यांच्यात एकमत आहे; बायकांच्या बाबतीत अजून नाही. वेष्टनावर अर्थातच एकमतच छापले जाते.

दूध तरी उंदरालाही असते. पाळीचे काय? उंदराला पाळी येत नाही. सस्तन प्राण्यांत माणूस, वानरे, काही माकडे, काही वटवाघळे आणि एखाद-दुसरा चिचुंद्रीसारखा जीव सोडला तर कोणालाच येत नाही. उंदराच्या जातकुळीतील एका काटेरी उंदराला ती येते हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांना २०१६ च्या सुमारास उमगले, आणि ती बातमी झाली, यावरूनच उरलेल्यांची स्थिती कळावी. म्हणजे ‘अंगावरून फार जाते’ या तक्रारीवरचे औषध आपण ज्याच्या अंगावरून कधी जातच नाही अशा प्राण्यावर तपासत आलो. संशोधकांना हे ठाऊक असते. ते आपल्या निबंधात गर्भाशयाचे वजन, संप्रेरकांची पातळी एवढेच मोजून दाखवतात, आणि शेवटी आणखी अभ्यास हवा असे प्रामाणिकपणे लिहितात. प्रयोग बहुधा खोटा नसतो. त्याचे पुढे होणारे भाषांतर खोटे असते.

आणि भाषांतर एकच नाही. बाई म्हणते ‘अंगावरून जातंय’, किंवा जुन्या वळणाची असेल तर ‘धुपणी लागली’. मातीचा बांध धुपतो तसे शरीर धुपते. दुष्काळी मुलखातल्या बाईला ही प्रतिमा शोधावी लागली नसेल. वैद्य त्याचे संस्कृत करतो : प्रदर, असृग्दर. संशोधक त्या संस्कृतचे इंग्रजी करतो, इंग्रजीचे उंदराच्या गर्भाशयाच्या मिलिग्रॅममध्ये रूपांतर होते, आणि तेथून आकडा परत मराठीत येतो तो ‘स्त्रियांच्या सर्व तक्रारींवर’ होऊन. पांढरे जाणे, लाल जाणे, पाळीत जाणे, पाळी बंद झाल्यावर जाणे, हे सगळे त्या ‘सर्व’मध्ये बुडून जाते. ‘जाणे’ या क्रियापदाला मराठीत इतके अर्थ आहेत की कोशकारांची दमछाक होते. वैद्यकात मात्र त्यांतील एकेका अर्थावर एकेक जीव टांगलेला असतो.

झाडांचीही हीच गत. भैषज्यरत्नावलीतील अशोकारिष्टाचा अशोक म्हणजे सीतेचा अशोक. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त सुंदरीच्या लत्ताप्रहाराची वाट पाहणारा तो हाच. सह्याद्रीच्या ओलाव्यात वाढणारे हे झाड आता दुर्मिळ होत चालले आहे. खर्ड्याकडे शाळेच्या आवारात ज्याला आपण अशोक म्हणतो तो सरळसोट वाढणारा हिरवा खांब अगदी वेगळ्या कुळातला, आणि त्याची साल खऱ्या सालीत मिसळली जाते ही औषध-व्यवसायातली जुनीच तक्रार आहे. तेव्हा प्रयोगशाळेतील अशोक आणि बाटलीतील अशोक एकच असेल असेही धरून चालता येत नाही. कायद्यालाही त्याचे फार वावडे नाही. २०१० साली आलेल्या १५८-ब या नियमानुसार प्रमाणग्रंथातील औषधाला परिणामकारकतेचा पुरावा म्हणून ग्रंथाचा आधार पुरतो. म्हणजे अशोकारिष्टाला उंदराचीही गरज नव्हती. उंदीर येतो तो बव्हंशी जाहिरातीच्या सोयीसाठी.

एवढे म्हटल्यावर उंदराच्या बाजूनेही बोलले पाहिजे. औषध गुणकारी आहे की नाही हे तो खात्रीने सांगू शकत नसला, तरी घातक आहे का याची कुणकुण त्याला बऱ्याचदा आधी लागते. पिंपळी, वावडिंग आणि टाकणखार यांची पिप्पल्यादि वटी गर्भनिरोधक म्हणून पुढे आली. तिन्ही जिन्नस आजीबाईच्या बटव्यातले, म्हणून निरुपद्रवी असणार, असा समज सहज होतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही वटी दिलेल्या उंदरांची पिले कमी वजनाची, लांबीला खुजी निघाली आणि काहींची आतडी नाळेत उतरलेली आढळली. ‘नैसर्गिक’ या शब्दाला उंदराने दिलेले हे उत्तर आम्हांला कोणत्याही विज्ञाननिष्ठ व्याख्यानापेक्षा मोलाचे वाटते. तरी तेथेही सावध राहावे. १९५७ साली जर्मनीत बाजारात आलेल्या थॅलिडोमाइडने हजारो अर्भके विकलांग केली, आणि त्या औषधाचा तसा परिणाम उंदरांत सहसा दिसत नाही, सशांत दिसतो. प्राण्याची निवड हीसुद्धा एक शब्दयोजना आहे.

मराठी वाचकांना या संदर्भात डॉ. शरदिनी डहाणूकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘फुलवा’, ‘हिरवाई’, ‘वृक्षगान’ लिहिणाऱ्या या लेखिका मुंबईच्या केईएम रुग्णालयात औषधशास्त्राच्या संशोधक होत्या आणि गुळवेल, शतावरी यांचे गुण प्राण्यांवर तपासत होत्या. २००२ साली त्या गेल्या. त्यांच्या ललित लेखनाचा आपण अभ्यासक्रमात विचार करतो, त्यांच्या शोधनिबंधांचा करीत नाही. एकाच झाडाविषयी एकच व्यक्ती दोन भाषांत काय म्हणते, हा विषय एखाद्या प्रबंधाला पुरून उरेल. असो.

हे सारे आम्ही शोधत बसलो त्याला एक कारण आहे. आमच्या थोरल्या आत्याबाई खर्ड्याच्या. इतिहासाच्या पुस्तकात हे गाव ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या लढाईपुरते येते. तालुका जामखेड, म्हणजे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ज्या तालुक्यात काम सुरू केले आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांना गावोगावच्या आरोग्यसेविका म्हणून उभे केले, तोच. आत्याबाईंची पाळी बंद होऊन पाच-सहा वर्षे झाली होती. २००१ च्या पावसाळ्यात त्यांना पुन्हा अंगावरून जाऊ लागले. त्यांनी ते आमच्या आईला सांगितले, तेही दिवाळीला, चुलीपाशी, आवाज खाली आणून. ‘गेलेली पाळी परत आली गं,’ असे काहीसे त्या म्हणाल्या आणि हसल्या. दुकानातून अरिष्टाच्या बाटल्या येत होत्या, बाजारातून मुळ्या येत होत्या. दोन्ही मनोभावे घेणे चालू होते. बाटलीवर ‘अतिरिक्त स्रावावर’ असे छापलेले होते, आणि त्यांचा स्राव अतिरिक्त होता, यात शंका नाही. तपासणी व्हायला दीड वर्ष गेले. गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला. २००४ च्या मार्चमध्ये त्या गेल्या. घरातील पुरुषांना आजाराचे नाव शेवटच्या दोन महिन्यांत कळले. आम्हीही त्या पुरुषांतच मोडतो.

येथे उंदराच्या त्या काचेकडे पुन्हा पाहावे लागते. योनिस्रावातील पेशी पाहून चक्र ओळखण्याची रीत स्टॉकर्ड आणि पापानिकोलाऊ यांनी १९१७ साली गिनीपिगवर बसवली. तीच काच पुढे पापानिकोलाऊंनी स्त्रियांसाठी वापरली आणि तीतून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची सुप्रसिद्ध तपासणी जन्मली. प्रयोगशाळेतील प्राण्याने बायकांना दिलेली ही खरी देणगी आहे, आणि ती काढ्याच्या नव्हे, तपासण्याच्या रूपातली आहे.

अशी तपासणी आत्याबाईंच्या गावापासून फार दूर नव्हती. खर्डा जिल्ह्याच्या अगदी कडेला आहे. भूमची वाट धरली की थोड्याच वेळात तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात १९९९ च्या अखेरीपासून बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक आणि एक आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून एक प्रचंड चाचणी चालवली होती. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटाची एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची नुसत्या डोळ्यांनी. आणि चौथ्या, तुलनेसाठीच्या गटाला नेहमीचीच व्यवस्था, म्हणजे माहिती आणि सल्ला. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एकदाच केलेल्या विषाणू-तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, चौथ्या गटात ६४. तुलनेसाठी बायकांना तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे बराच वाद झाला. एवढे खरे की त्या ६४ मृत्यूंविना ३४ या आकड्याला अर्थ आला नसता.

आत्याबाई या चाचणीत नव्हत्या, कोणत्याच गटात. त्या हद्दीच्या अलीकडे राहत होत्या. त्यांच्या वाट्याला आली ती बाटली, आणि बाटलीआड दडलेला तो पांढरा उंदीर.

त्यांचे दुखणे एकटीचे नव्हते. गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली छापलेले तिचे निष्कर्ष सर्वज्ञात आहेत : ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग, आणि याआधी कधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. उपचाराचे दुसरे टोक खर्ड्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात दिसते. २०१९ साली तेथील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. एका बाजूला काढा आणि दुसऱ्या बाजूला सुरी. मधली तपासण्याची जागा रिकामी.

गेल्या उन्हाळ्यात खर्ड्याला गेलो असता आतेभावाच्या घरी कोनाड्यात शतावरी कल्पाचा डबा दिसला. आम्ही नेहमीच्या खोडीने तो वाचू लागलो. वहिनी पाहत होत्या. ‘भावजी, चांगलं असतं ना हे? घेऊ का नको?’ त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, आवडत असेल तर दुधातून खुशाल घ्या. पण कशासाठी घेता? त्या जरा थांबल्या. मुलगा अंगणात होता, त्याला त्यांनी काही तरी आणायला पिटाळले. मग पदर सावरून, आवाज खाली आणून त्या सांगू लागल्या. आम्ही ऐकून घेतले, आणि आत्याबाईंचे त्यांना ठाऊक नसलेले ते दीड वर्ष सांगितले.

वहिनींनी डबा झाकून कोनाड्यात ठेवला. ‘बार्शीची पहिली गाडी किती वाजता असते हो?’ त्यांनी बाहेर नवऱ्याला विचारले.