अंजनेरीचे दुकान-दान

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे निघालेले यात्रेकरू सुमारे २० किलोमीटरवर अंजनेरी गाव सहसा न थांबता मागे टाकतात. जे थांबतात त्यांना बहुधा डोंगर चढून हनुमंताचे जन्मस्थान पाहायचे असते. पायथ्याशी विखुरलेल्या जुन्या देवळांकडे फार थोड्यांचे पाय वळतात.

हिंदू व जैन अशा सुमारे १६ मंदिरांचा हा यादवकालीन समूह आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. कोणाचे शिखर ढासळले आहे, कोणाचा मंडप उघडा पडला आहे. कोरीव स्तंभ आणि द्वारशाखांचे तुकडे आकाशाखाली आहेत. छप्पर नसलेले संग्रहालयच ते. येथे जैन मंदिर ओळखायचे तर आधी दाराकडे पाहावे. ललाटपट्टीच्या मधोमध पद्मासनस्थ जिनप्रतिमा दिसली, की गाभारा रिकामा असला तरी देऊळ कोणाचे ते कळते. तीर्थंकर कोणते, हे मात्र पीठावरील लांछन सांगते. आणि त्र्यंबकच्या पावसाने एकदा ते झिजवले, की मूर्ती उरते, नाव जाते.

एक नाव मात्र टिकले आहे. येथील एका देवळात शके १०६३ चा, म्हणजे इ. स. ११४२ चा, संस्कृत शिलालेख आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रसिद्ध केला. आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिरास यादव कुळातील सामंत सेउणदेव याच्या काळात दुकाने दान दिल्याची नोंद त्यात आहे. वत्सराज नावाच्या धनिक व्यापाऱ्यानेही या पुण्यकार्यात आपला वाटा उचलला.

येथे व्यापारी वाचकाने क्षणभर थांबावे. दान सुवर्णकलशाचे नाही, दुकानाचे आहे. दुकान म्हणजे दरमहा येणारे उत्पन्न, आणि देवळाची पूजा, दिवाबत्ती, डागडुजी चालते ती अशाच उत्पन्नावर. नाशिकच्या व्यवहारात ही रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. त्रिरश्मी लेण्यांत उषवदाताने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवल्याचा लेख आहे. २,००० वर दरमहा शेकडा एक, १,००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. मुद्दल परत घ्यायचे नव्हते, व्याजच वापरायचे होते. आजच्या भाषेत तो ध्रुवनिधीच.

याच नाशिक जिल्ह्यात मांगीतुंगीच्या पर्वतात भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी प्रतिमा साकारली आणि २०१६ मध्ये तिची प्रतिष्ठा झाली. त्या उंचीचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण नव्या शिळेच्या बोलीला जेवढी गर्दी होते, तेवढी जुन्या शिळेवरचे गवत काढायला होत नाही, हेही खरेच. अंजनेरी सरकारी संरक्षणात असल्याने तेथे परस्पर डागडुजी वा रंगरंगोटी कोणालाही करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. उत्साहाने फासलेला तेल-शेंदूर पावसाहून अधिक कोरीवकाम बुजवतो. मात्र येणे-जाणे वाढवणे, मुलांना ललाटपट्टी वाचायला शिकवणे, नुकसान दिसताच विभागास कळवणे यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

वत्सराजाच्या काळची बाजारपेठ कोठे होती, हे आता गावात दाखवता येत नाही. त्या दानाचा दगड मात्र अजून जागेवर आहे.