उजवा गाल, सकाळचं ऊन

तिरंदाजीचा फोटो म्हटला की बहुतेकांना सुटलेला बाण हवा असतो. मला त्याचं फारसं कौतुक नाही. रिकर्व्ह धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण साठ मीटर जातो. शटर १/१००० ठेवलं तरी तेवढ्यात तो सहा सेंटिमीटर सरकतो. लख्ख उन्हात शटर आणखी वाढवता येतं. इनडोअर हॉलमध्ये तेवढा उजेडच नसतो, आणि फ्लॅशला तर सक्त मनाई.

पण पाहण्यासारखं जे आहे ते बाण सुटायच्या आधीच. दोरी हनुवटीत रुतलेली, खांद्यांची पाती जवळ येत चाललेली, आणि बाणाचं टोक क्लिकरच्या पट्टीखालून केसाकेसानं मागे सरकणारं. ती पट्टी ‘टक्’ वाजली की बोटं सुटतात. टक् ऐकून बटण दाबणाऱ्याला फक्त रिकामं धनुष्य मिळतं. म्हणून कान बंद ठेवून नजर त्या टोकावर लावायची.

हॉलमधल्या ट्यूबलाइटची कटकट वेगळीच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुने दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. वेगवान शटरला एक फ्रेम पिवळट, पुढची काळवंडलेली. त्यात मेकॅनिकल शटर खटखट वाजतं, आणि जो खेळाडू एका ‘टक्’साठी कान टवकारून उभा आहे त्याच्या शेजारी असला आवाज करणं मला तरी शोभत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर मुकं असतं, पण या दिव्यांखाली ते फोटोभर आडवे पट्टे पाडतं.

यातून मार्ग काढून देतो तो तिरंदाजच. पूर्ण ताणलेल्या स्थितीत दोन-तीन सेकंद तो जवळजवळ हलत नाही. मग शटर सरळ १/१०० वर आणायचं. दिव्याचं एक पूर्ण आवर्तन त्यात मावतं, पट्टे जातात, आवाज नाही, आणि आयएसओही आवाक्यात राहतो. हात थरथरतो तो आपला, त्याला मोनोपॉड.

कंपाउंड धनुष्याला मात्र क्लिकर नसतो. २०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, ते कंपाउंडमध्येच. तिथं दोरी हातातल्या ‘रिलीज’ नावाच्या साधनानं सुटते. चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. मी अंदाजानं, थोडं आधीच बटण दाबतो.

मैदानावर उजेड भरपूर, पण दिशेचा प्रश्न. उत्तर गोलार्धात लक्ष्यं शक्यतो उत्तरेला ठेवतात, म्हणजे नेम धरताना ऊन डोळ्यांवर येत नाही. खेळाडूची सोय, आपली पंचाईत: समोरून टिपावं तर सूर्य थेट लेन्सवर. दुपारी टोपीची सावली नाकापर्यंत उतरते. तेव्हा मी गालावरचा उजेड मोजतो आणि आकाश जळालं तर जळू देतो.

उजव्या हातानं दोरी ओढणाऱ्याची छाती पूर्वेकडे असते, मान तेवढी उत्तरेला वळलेली. म्हणून सकाळचं तिरपं ऊन नेमकं त्याच्या उजव्या गालावर आणि दोरी धरलेल्या बोटांवर पडतं. लाइनच्या मागे, पूर्वेच्या अंगाला उभं राहिलं की झालं. नऊनंतर त्या उन्हाची मजा जाते. डावखुऱ्यांचं सगळं उलट, त्यांचे फोटो दुपार कलल्यावर. त्यामुळे मैदानावर पोचलो की चहाच्याही आधी मी विचारतो, यात डावखुरे कोण कोण आहेत.