टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचा हिशेब

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत वाफेवर चालणारी टर्बाइने तयार होतात. त्याच शहरातल्या भारतीय विज्ञान संस्थेत २०१७ साली वाफेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरून पाहणारी चाचणी-यंत्रणा उभी राहिली. शतकाहून अधिक काळ घासूनपुसून घेतलेल्या यंत्राला पर्याय का शोधावासा वाटतो, हे समजून घ्यायचे तर वाफेच्या प्रवासाचा शेवट पाहावा लागतो.

प्रवासाची सुरुवात सर्वपरिचित आहे. बॉयलरमधली तप्त वाफ स्थिर पात्यांमधल्या अरुंद वाटेने जाताना प्रसरण पावते. तिचा दाब घटतो, वेग वाढतो. हा झोत फिरत्या पात्यांवर वळतो आणि वळताना आपला संवेग त्यांना देतो. सगळा दाब एकाच टप्प्यात उतरवला तर वाफेचा वेग आवरता येत नाही, म्हणून पात्यांच्या अनेक ओळी एकामागून एक बसवतात. दाब उतरतो तशी वाफ फुगते. त्यामुळे मोठ्या संचात शेवटच्या ओळीतले पाते जवळपास मीटरभर लांब असते.

पात्यांच्या टोकांशी असलेल्या फटीतून निसटणारी वाफ, पात्यांवर साचणारे क्षार, शेवटच्या टप्प्यात धातू झिजवणारे पाण्याचे थेंब हे सारे कार्यक्षमता कमी करतात. तरीही वाफेच्या प्रसरणातून आदर्श स्थितीत जेवढे काम मिळू शकते, त्याच्या सुमारे नव्वद टक्के काम उत्तम टर्बाइन मिळवून देते. मग कोळशातली चाळीस टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा वीज का होते?

उत्तर १८२४ साली सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने सुचवले होते. उष्णतेपासून मिळणाऱ्या कामाची कमाल मर्यादा दोन टोकांच्या तापमानांवर ठरते. वाफ ५६५ अंश सेल्सिअसला आत आली आणि ४५ अंशांना थंड झाली, तर ही मर्यादा सुमारे ६२ टक्के येते. प्रत्यक्षात पाणी तापवण्याचा बराच भाग कमी तापमानाला घडत असल्याने ती आणखी खाली उतरते. उरलेली उष्णता कंडेन्सरमध्ये सोडावीच लागते. तिथे प्रत्येक किलो वाफ पाणी होताना दोन हजारांहून अधिक किलोज्यूल उष्णता थंड पाण्याला देते. टर्बाइन कितीही निर्दोष केले तरी ही देणी चुकत नाहीत.

ती देणी कोण भरते? विजापूर जिल्ह्यातल्या २४०० मेगावॉटच्या कूडगी केंद्राला पाणी आलमट्टीतून येते, सोलापूरच्या केंद्राला उजनीतून. त्यातले बहुतांश पाणी शीतकरण मनोऱ्यांतून वाफ होऊन आकाशात जाते. २०१५च्या केंद्रीय नियमाने जुन्या केंद्रांसाठी पाण्याची मर्यादा दर युनिटमागे साडेतीन लिटर ठरवली. दमट, उष्ण हवेत मनोरे नीट थंडावा देत नाहीत, कंडेन्सरमधला निर्वात सैल होतो आणि त्याच कोळशातून कमी वीज मिळते.

कोल्हापूर–बेळगावच्या साखर कारखान्यांनी हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडला आहे. तिथल्या अनेक टर्बाइनांतली वाफ कंडेन्सरपर्यंत जातच नाही. सव्वाशे अंशांच्या आसपास ती बाहेर काढून उसाचा रस आटवायला वापरतात. वीज कमी मिळते, पण एरवी वाया जाणारी उष्णता साखरेच्या कामी येते. अर्थात, हे जमते ते गाळप चालू आहे आणि शेजारी उष्णतेचा गिऱ्हाईक आहे तोवरच.

जिथे असा गिऱ्हाईक नाही, तिथे कार्बन डायऑक्साइडचा विचार पुढे येतो. ३१ अंश तापमान आणि ७४ बार दाबाच्या जरा वर हा वायू द्रवासारखा दाट होतो. त्याला दाबायला कमी काम लागते आणि यंत्रही लहान होते. अडचणही त्याच आकड्यात आहे. विजापूर–सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी न उडवता कुठलीही गोष्ट ३१ अंशांपर्यंत थंड करणे सोपे नाही.

म्हणून एखाद्या नव्या केंद्राच्या कार्यक्षमतेचा आकडा वाचताना विद्यार्थ्यांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत: उरलेली उष्णता कुठे जाणार आहे, आणि ती वाहून नेणारे पाणी कुणाच्या वाट्याचे आहे?