चारही चाकं टेकलेली असताना

गेल्या शनिवारी पिंपळवंडीला घरी गेलो तेव्हा बॅगेत कपड्यांपेक्षा स्क्रू ड्रायव्हर जास्त होते. आईने बॅग उघडली, आत बघितलं आणि काही न बोलता परत बंद केली. आता तिलाही सवय झालीय.

तर माझ्याकडे रिमोटवर चालणारी एक जीप आहे. खऱ्या जीपच्या एक दशांश आकाराची. हिला रॉक क्रॉलर म्हणतात. ही पळत नाही, दगडांवर चढते, तीही गोगलगायीच्या वेगाने. दोन सरळसोट अ‍ॅक्सल, चारही चाकांना ताकद आणि तेल भरलेले चार शॉकअप. कंपनीने घातलेल्या स्प्रिंगा कडक होत्या, त्यामुळे जरा मोठा दगड आला की एक चाक हवेत लटकायचं. हवेतलं चाक नुसतं गरगर फिरतं, कामाचं काही नाही.

म्हणून मी मऊ स्प्रिंगा मागवल्या. इथे थोडं तांत्रिक सांगतो, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा. शॉकअपचा दांडा एकूण ३० मिलिमीटर सरकतो, हा त्याचा ट्रॅव्हल. गाडी स्वतःच्या वजनाने थोडी खाली बसते. तिथून चाक किती वर दबू शकतं आणि किती खाली लटकू शकतं, ही झाली त्या ३० ची वाटणी. मऊ स्प्रिंगा घालून, वरची चकती पूर्ण सैल करून मी ती वाटणी निम्मी-निम्मी केली. वर १५, खाली १५. मग मोजमाप. २० अंशांच्या उतरत्या फळीवर फक्त एका बाजूचं पुढचं चाक चढवायचं आणि बाकीच्यांपैकी एखादं चाक जमीन सोडेपर्यंत गाडी किती वर जाते ते बघायचं. ते अंतर भागिले पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, गुणिले १०००. खऱ्या जीपवालेही हाच आकडा मिरवतात. माझी गाडी आधी २०० मिलिमीटर चढायची, आता २५०. चाकांमधलं अंतर ३१३, म्हणजे ६४० वरून थेट ८००! मी स्वतःवर जाम खूश.

येडगाव धरणाच्या खाली कुकडीच्या पात्रात काळा कातळ उघडा पडलाय. याच नदीने पुढे निघोजला रांजणखळगे कोरलेत. रविवारी सकाळी तिथे गाडी सोडली. समोरासमोरचे दगड ती मांजरीसारखी चढली. मग एक तिरका कातळ आला, आडव्या उताराचा. चारही चाकं छान टेकलेली... आणि गाडी शांतपणे कुशीवर झाली. पुन्हा उभी केली, पुन्हा पडली. सहा वेळा.

अण्णा मोटार चालू करायला आले होते, ते काठावर उभं राहून बघत होते. मला वाटलं आता "किती हजाराला पडलं हे खेळणं" येणार. ते म्हणाले, "आरं, ट्रॅक्टर पण असाच पडला व्हता."

मी दहावीत होतो तेव्हा अण्णांचा ट्रॅक्टर बांधावर उलटला होता. त्यांनी उडी मारली म्हणून वाचले. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. आमच्या घरात या विषयावर कुणी बोलत नाही, मीही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी ते कातळावर बसले आणि स्वतःहून सांगायला लागले.

ट्रॅक्टरच्या पुढच्या अ‍ॅक्सलला बहुधा स्प्रिंग नसते. तो मधोमध एका पिनेवर झुलतो. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं टेकलेलंच राहतं. (चंद्रयान-३ चा प्रज्ञान, २०२३ साली चंद्रावर उतरलेला, त्याच्याही सहा चाकांना स्प्रिंग नव्हती, सांध्यांवर झुलणारे दांडेच होते. हे मी अण्णांना सांगितलं, त्यांनी "मग?" एवढंच विचारलं.) "पुढची दोन्ही चाकं भुईला व्हती," अण्णा म्हणाले, "म्हणून मला वाटलं सगळं ठीक हाय. चाकं जमिनीला धरून असतात आणि वरचं धूड निघालेलं असतं. चाक सुटलेलं कळतं तवा उशीर झालेला असतो."

मी घरी येऊन शॉकअप खोलले. माझी चूक हीच होती. आडव्या उतारावर खालच्या बाजूचे शॉकअप पूर्ण १५ मिलिमीटर दबत होते, वरच्या बाजूच्या स्प्रिंगा ताणून टपाला आणखी ढकलत होत्या आणि सगळं वजन खालच्या चाकांच्या बाहेर जात होतं. चाकं मात्र शेवटपर्यंत टेकलेली.

उपाय स्वस्तात झाला. ठिबकची बारीक नळी घेतली, आतून ४ मिलिमीटरची, शॉकअपच्या दांड्यावर सहज जाते. ९ मिलिमीटरचे चार तुकडे पिस्टनच्या वर, म्हणजे दबणं १५ वरून ६ वर आलं. पुढच्या दोन शॉकअपना पिस्टनखाली ४ चा आणखी एक तुकडा, म्हणजे चढावर नाक उगाच उचलणार नाही. गाडीची उंची बदलत नाही, कारण ती स्प्रिंग ठरवते. तेल भरून बुडबुडे जाईपर्यंत दांडा हळूहळू वरखाली केला, टोपण लावलं. फळीवर आडवी ठेवून मोबाईलने कोन मोजला. आधी ३८ अंशांना पडायची, आता ४४ ला. उतरत्या फळीवरचा आकडा मात्र ८०० वरून ६९० वर घसरला. संध्याकाळी तोच कातळ पहिल्या झटक्यात पार! अंधार पडायच्या आत घरी यावं लागलं. उसात बिबटे आहेत, आमच्याकडे हा नियम कुणी मोडत नाही.

हल्ली आमचा ट्रॅक्टर माझा चुलतभाऊ चालवतो. एकोणीस वर्षांचा आहे, बांधावरून बिनधास्त घालतो. घरी आल्यावर अण्णांनी मला नळीचे तुकडे काढायला लावले आणि त्याला हाक मारली. गाडी फळीवर आडवी ठेवून म्हणाले, "हळू उचल." त्याने फळी उचलायला सुरुवात केली. तो खाली वाकून चाकांकडे बघत होता.

"चाकं बघू नको," अण्णा म्हणाले, "टप बघ."

गाडी पडली. त्याने ती उचलून परत फळीवर ठेवली आणि या वेळी वाकला नाही. मी आत जाऊन आईला चहा टाकायला सांगितलं. तुकडे परत बसवायचे राहिलेत, पुढच्या शनिवारी बघू.